घोड्याच्या बदल्यात

मोन्तेविदेओच्या उत्तरेला, पांतानोसो ओढ्याच्या काठावर
नेलिदा पेरेइरा पुठ्ठ्याच्या ढिगावर चढून नाचल्यासारखी पाय दाबते.
गठ्ठा बसतो. ती उतरते, दोर आवळते.
"ओला होऊ देऊ नकोस," नातवाला सांगते,
"विल्सन पाण्याचे पैसे कापतो,
आणि कोरडा असला तरी कापतो."

गेल्या महिन्यात किलोला चार पेसो होते.
आज अडीच.
का, ते विल्सन सांगतो काट्यामागून,
मातेची नळी तोंडातून न काढता:
निलगिरीचा लगदा स्वस्त झालाय म्हणे,
नवा कागद जुन्याहून कमी भावात सुटतोय,
कुठल्याशा बंदरात गठ्ठे नुसते पडून आहेत.
नेलिदाला ते बंदर ठाऊक नाही.
निलगिरी ठाऊक आहे.
तिच्या भावाची मेंढरं चरायची तिथं आता रांगाच रांगा,
सावली आहे आणि गवत नाही.
म्हणजे झाड तोडणं परवडतं,
उचललेला खोका परवडत नाही.
ती हिशेब दोनदा करते. दोन्ही वेळा तोच येतो.

दुकानातल्या रेडिओवर एक साहेब बोलतोय:
घनकचरा हे उगवतं क्षेत्र,
मागणी वाढती, गुंतवणुकीला वाव.
घनकचरा. शब्दच असा,
की उच्चारण्याआधी हातमोजे घालावेत.
आमच्यात म्हणतात, बारा वर्षांनी
उकिरड्याचेही पांग फिटतात.
फिटले की.
उकिरड्याचे फिटले.

मार्चमध्ये नगरपालिकेची दोन पोरं आली, वागायला चांगली.
घोडा द्या, तीनचाकी मोटार घ्या.
घोड्याचे हाल होतात, रहदारी तुंबते,
शिवाय शहर कसं दिसतं.
तिनं नाही म्हटलं नाही. त्याचा मागचा पाय
थंडीत उचलत नव्हता, ते तिलाच आधी कळलं होतं.
अर्जात वय विचारलं, रंग विचारला, दात बघितले.
नावाचा रकाना नव्हता.
सेनिसो. राखेच्या रंगाचा.
ट्रकमध्ये चढताना त्यानं मागं वळून वगैरे पाहिलं नाही.
फळीवर लीद टाकली आणि चढला.

मोटार लाल आहे. पेट्रोल पिते.
पेट्रोल ती पुठ्ठ्यात मोजते: लिटरला तीस किलो.
घोडा फुकट खात होता असं नाही,
पण त्याचं खाणं वाटेतच मिळायचं,
आणि तो चौदा वर्षांत वाट शिकला होता.
मंगळवारी कोणत्या इमारतीचा रखवालदार बाटल्या बाहेर ठेवतो,
कोणत्या छापखान्यामागं कोरे कातरे पडतात,
लगाम न ओढता थांबायचा.
मोटारीला काही आठवत नाही.
पहिल्याच दिवशी ती ओफेलियाबाईंच्या दारावरून
सरळ पुढं गेली.

आरशात दिसलं:
बाई पायरीवर उभ्या, हातात फडक्याची पुरचुंडी,
आठवडाभर साठवलेले पावाचे तुकडे,
मान रस्त्याच्या त्या टोकाला, जिथून टापा यायच्या.
नेलिदानं ब्रेक दाबला. उशिरा. मागून हॉर्न.
चालत परत गेली.
दोघींपैकी कुणीच घोड्याचा विषय काढला नाही.
पुरचुंडी या हातातून त्या हातात गेली,
सवयीनं.

संध्याकाळी शेडमध्ये नातू वर्गवारी करतो.
प्रकल्पातल्या नोकरीसाठी त्याला नियम पाठ करायचेत.
पेटीपाठोपाठ पेटी, मोठ्यानं:
बाटली, सुका. डबा, सुका. साल, ओला.
मग पुरचुंडी सोडतो.
"आजी, हा?"
पाव दगडासारखा झालेला. बोटानं टकटक वाजतो.
"ओल्यात," तोच म्हणतो, कागद बघून. "अन्न ओल्यात जातं."
नेलिदा काही बोलत नाही.
फडकं घडी करून खिशात ठेवते,
पाव मोटारीच्या सीटखाली सारते
आणि विल्सनकडे जायला निघते,
उद्या दोन पेसो होईल म्हणतात,
आजच घालून आलेलं बरं.